पेठच्या जंगलातून तोडलेला सागाचा ओंडका नाशिकमध्ये पकडला, तर तो कुठल्या झाडाचा हे डीएनएवरून कळतं का?

हो, कळतं, फक्त जंगलात उरलेल्या बुडख्याचा नमुना हाताशी हवा. डीएनएमध्ये मायक्रोसॅटेलाइट नावाचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे असतात, त्यांची लांबी झाडागणिक बदलते. ओंडका आणि बुडखा यांत पुरेशा ठिकाणी ती जुळली, की झाड एकच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेपल झाडांच्या चोरीच्या खटल्यात २०१५ मध्ये डीएनए जुळवण्याचा पुरावा वापरला गेला. नमुना सालीलगतच्या फिकट, ताज्या लाकडातून घ्यावा. ज्याला बाजारात भाव मिळतो त्या तपकिरी गाभ्यातल्या पेशी मेलेल्या असतात, डीएनए तुटका निघतो. अडचण एकच: तोडलेल्या सागाला बुडख्यातून पुन्हा फूट येते आणि त्या सगळ्या फुटव्यांचा डीएनए सारखाच. त्यांपैकी नेमका कुठला तोडला, हे चाचणी सांगत नाही.