विचारा मिस्त्रीला: जीपचा क्लच केबलवर की ऑइलवर?

प्रश्न: वडिलांची जुनी सीजे-थ्री-बी जीप माझ्याकडे आहे. तीन गिअरचा मूळ बॉक्स कुंभार्ली घाटात अगदी रडवतो. ठोकलेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बेल हाउसिंगसकट, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचासकट, मिळाला आहे. त्यावर ऑइलच्या दाबानं बाहेरून फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा काटा, ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर आहे. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘तो काढून टाकू, केबल ओढू, केबल कुठंही मिळते.’ मित्र म्हणतो, ऑइलचा क्लच मऊ असतो, तोच ठेव. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: मित्राचं ऐका, पण त्यानं दिलेलं कारण सोडून द्या.

ऑइल भरलं म्हणून पेडल मऊ होत नाही. तरफेचा आणि सिलिंडरच्या मापाचा तो खेळ आहे. समजा पेडल 150 मिलिमीटर दाबलं जातं आणि तरफ सहास एक आहे. म्हणजे पेडलच्या जोरावर स्लेव्हकडे ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरची दांडी 25 मिलिमीटर आत जाते. स्लेव्ह पाऊण इंचापेक्षा जरा मोठा, सात अष्टमांश इंची म्हणजे 22.2 मिलिमीटरचा धरा. मास्टर पाऊण इंची लावलात तर फोर्क साधारण 18 मिलिमीटर ढकलला जाईल. पाच अष्टमांश इंची लावलात तर 13 मिलिमीटरसुद्धा भरणार नाही. हा धाकटा मास्टर पायाला लोण्यासारखा लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी रिव्हर्स टाकताना बॉक्स करकरतो म्हणून परत येतं. क्लच पूर्ण सुटतच नाही ना! म्हणून दुकानात जाण्याआधी दोन मापं घ्या: स्लेव्हच्या पिस्टनचा व्यास, आणि प्लेट मोकळी सुटेपर्यंत फोर्कचं टोक किती सरकतं ते. ही मापं वहीत लिहिल्याशिवाय मास्टर विकत घेऊ नका.

आता केबल का नको. केबल ओढते, स्लेव्ह ढकलतो. तुमचा फोर्क ढकलण्यासाठी बनलाय. त्याला केबल लावायची तर ती उलट्या बाजूनं फिरवून आणावी लागेल आणि तिच्या आवरणाला टेकायला बेल हाउसिंगवर एक जाड ब्रॅकेट बसवावं लागेल. मी हा उद्योग तरुणपणी केलाय. तीन मिलिमीटरच्या पट्टीचं ब्रॅकेट केलं होतं. पेडल दाबलं की क्लचऐवजी ब्रॅकेटच वाकायचं. गाडीवाला भला माणूस होता, पैसे मागितले नाहीत, पण पुन्हा गॅरेजची पायरीही चढला नाही. त्यात केबलला मोठा, सैल वळसा लागतो. तुमच्या जीपमध्ये पेडल फरशीतून वर येतं, खाली चेसिस आणि शेजारी सायलेन्सरचा पाइप. तिथं सैल वळसा कुठून आणणार? पाइपाच्या धगीनं आतलं प्लास्टिकचं अस्तर गेलं की केबल अडकलीच.

तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं तसं खोटं नाही. केबल तुटली तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात बदलता येते. सिलिंडरमधला रबरी वॉशर गेला की मात्र ऑइल आणि धीर दोन्ही जवळ लागतात. बॉक्स केबलवालाच असता, तर मीही केबलच ठेवा म्हटलं असतं. ज्या बॉक्सला जे आलं, ते राहू द्यावं.

जुनी दांड्यांची जोडणी ठेवायचा मोह होईल, तोही टाळा. त्यातल्या आडव्या पाइपाचं एक टोक चेसिसकडे आणि दुसरं इंजिनाकडे असतं. डिझेल इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि ते हलणं सगळं फोर्कपर्यंत पोचतं. घाटात हाफ क्लचवर गाडी उचलताना अशी थरथरते की मागं बसलेल्यांचे दात वाजतात. ऑइलची लवचीक नळी ते हलणं गिळून टाकते.

मास्टर बसवताना खरी मेहनत आहे. फरशीखाली, ब्रेकच्या मास्टरशेजारी, चेसिसवर त्याला जागा करा. पातळ पत्र्यावर नको. चिपळूणचा चिखल तिथं थेट उडणार, म्हणून वरून पत्र्याचं झाकण आणि दांडीला रबरी बूट हवाच. ऑइलची डबी बॉनेटखाली उंचावर घ्या आणि नळीनं खाली जोडा, म्हणजे पातळी बघायला गाडीखाली शिरावं लागणार नाही. पाय काढल्यावर मास्टरच्या दांडीला मिलिमीटरभर मोकळीक राहिलीच पाहिजे. नाही राहिली तर ऑइल डबीत परत जायचं भोक उघडत नाही, तापलेलं ऑइल अडकून बसतं आणि पाय न लावताच क्लच घसरतो. मग लोक बिचाऱ्या प्लेटला शिव्या देतात. पेडलला खालीही एक थांबा लावा, नाहीतर जोरात दाबल्यावर स्लेव्हचा पिस्टन बाहेर येईल. ऑइल ब्रेकचंच, डॉट-3 किंवा डॉट-4. इंजिनाच्या ऑइलचा एक थेंब गेला तरी वॉशर फुगतात. हे ऑइल हवेतलं पाणी पितं, तेव्हा कोकणात दोन वर्षांनी बदलाच.

आणि हो, इंजिन बदलताय तर काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. आरसीवर नवा इंजिन नंबर चढला नाही, तर क्लच कितीही छान बसला तरी विम्याच्या वेळी रडाल.

प्रश्न: माझी मारुती जिप्सी वर्षात तीन क्लच केबल खाऊन बसली. प्रत्येक केबल काळी पडून कडक होते. ऑइलचा क्लच करून घेऊ का?
– एक वाचक, वाई

उत्तर: थांबा. आधी इंजिन ते चेसिस अशी अर्थिंगची पट्टी आहे का ते बघा. इंजिन खाली उतरवलं की ती लावायची राहते. माझ्याही हातून एकदा राहिली होती. मग सेल मारताना स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधतो आणि त्याला क्लचची तार सापडते. तार आतून भाजून निघते. पट्टी साफ करून घट्ट आवळा, चौथी केबल टाका. नवी केबल टाकूनही पेडल जडच राहिलं, तर प्लेट झिजलेली असणार. प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबायला जड होत जाते. तेव्हा बॉक्स उतरवायचाच आहे, तर रिलीज बेअरिंगही बदलून घ्या.