आकडा आधी लिही

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट पाहिली. अमेरिकेच्या नोव्हेंबरमधल्या मध्यावधी निवडणुकीतल्या (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या) सिनेटच्या ३५ जागा, प्रत्येकीपुढे पोलची, म्हणजे मतदारांच्या कलचाचण्यांची सरासरी, आणि शेवटी तो पिवळा रकाना: रिपब्लिकन अधिक तीन. खाली तुझा प्रश्न. पोलवाल्यांनी ट्रम्पना तीनदा कमी धरलं, मग सरसकट तीन टक्के वाढवूनच टाकायचे का? की पोल सोडून सट्टाबाजाराचे भाव धरायचे?

आधी मला सांग, हा पिवळा रकाना तू कधी घातलास? सरासरी बघण्याआधी की बघून झाल्यावर? फाइलमध्ये कुठेच तारीख नाही. ओहायोचा आकडा तर दोनदा बदललेला दिसतो, आणि का बदलला याचा एक शब्द नाही. आकडा, तारीख, कारण. हे तिन्ही आधी लिही, मग मला काहीही विचार.

आता तुझे तीन टक्के. २०२० मध्ये देशभरच्या सरासरीत बायडन आठेक टक्क्यांनी पुढे होते, जिंकले साडेचारने. विस्कॉन्सिनमध्ये एका नामवंत पोलने त्यांना १७ टक्क्यांची आघाडी दिली होती. प्रत्यक्षात एक टक्कासुद्धा भरली नाही. इथवर तुझं खरं. पण २०१२ बघ. तेव्हा पोलनी ओबामांना कमी धरलं होतं. सरासरीत जेमतेम एक टक्का, निकालात जवळजवळ चार. २०२२ मध्ये ‘लाल लाट’, म्हणजे रिपब्लिकनांची लाट येणार म्हणून सगळे छातीठोक सांगत होते. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ४३५ पैकी रिपब्लिकन कसेबसे २२२ वर पोचले आणि सिनेटमध्ये उलट डेमोक्रॅट्सची एक जागा वाढली. म्हणजे चूक होते हे नक्की, पण कुठल्या बाजूला होईल ते आधी कळत नाही. शिवाय ३ नोव्हेंबरला मतपत्रिकेवर ट्रम्प यांचं नाव नसेल. फक्त त्यांच्यासाठी बाहेर पडणारा मतदार यंदा येईल की घरी बसेल, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि तू तो तीन टक्क्यांत मिटवून टाकलास! तरीही तुला तीनच वाढवायचे असतील तर वाढव. माझी हरकत तीनला नाही. आज लिही, कारण लिही, आणि ऑक्टोबरात त्याला हात लावू नकोस.

खरी गोम दुसरीकडे आहे आणि तुझ्या शीटमध्ये ती तशीच राहिली आहे. तू प्रत्येक राज्याची शक्यता स्वतंत्र धरून गुणाकार केला आहेस. २०१६ मध्ये पुष्कळ शहाणी माणसं इथेच फसली. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन: समज, प्रत्येक राज्य क्लिंटनबाईंच्या हातून जाण्याची शक्यता २५ टक्के. स्वतंत्र धरून गुणाकार केलास तर तिन्ही जाण्याची शक्यता दीड टक्का येते. पण ही राज्यं १९९२ पासून दर अध्यक्षीय निवडणुकीत एकाच बाजूला गेली आहेत. मतदार सारखा, त्याला गाठताना पोलवाल्यांना येणारी अडचण सारखी, त्यामुळे एकीकडे चुकलं की तिन्हीकडे चुकतं. मग दीड टक्क्याचे वीस होतात. त्या वर्षी तिन्ही राज्यं मिळून ७८ हजारांच्या आत मतांनी फिरली. क्लिंटनबाईंना ९९ टक्के देणाऱ्या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकांनी पैजेखातर टीव्हीवर रातकिडा खाल्ला. त्यांचं मला कौतुकच वाटतं. आकडा लिहिलेला होता, म्हणून तर रातकिडा खावा लागला. जे नुसतं ‘क्लिंटनच येणार’ म्हणत होते, ते दुसऱ्या दिवशी ‘मला वाटलंच होतं’ म्हणून मोकळे.

त्यांच्यात मीही आलो म्हण. त्या ऑक्टोबरात जेवताना मी म्हणालो होतो की ट्रम्पना चारात एक संधी आहे. चारात एक म्हणालो की पाचात एक, हे आज मलाच सांगता येत नाही. कुठे लिहिलं नव्हतं. निकाल लागला की आठवणही निकालाच्या बाजूला सरकते. त्याची चुटपुट अजून आहे, आणि म्हणूनच तुझ्यामागे लागलोय.

२०२४ ला मात्र लिहिलं. ट्रम्प ५०, हॅरिस ५०. आमच्या ग्रुपवर माझी काय टर उडवली! कुंपणावरचा काका. निकालात ट्रम्पना राज्यवार मिळणारी ३१२ इलेक्टोरल मतं, सातही अटीतटीची राज्यं त्यांच्याकडे, आणि मला विचारणा, कुठे गेले तुमचे पन्नास? अरे बाबांनो, सातही राज्यांत सरासरीचं अंतर तीन टक्क्यांच्या आत होतं. दोन टक्के इकडे सरकले तर सातही इकडे, तिकडे सरकले तर बहुतेक तिकडे. माझ्या टिपणात आकड्याखाली लिहिलेलं आहे की सातही एकत्र जाण्याची शक्यता मोठी आहे. पन्नास हाच प्रामाणिक आकडा होता, आजही तोच देईन. असो. तुझ्या पत्रात माझं गाऱ्हाणं कशाला.

गुण मोजायला ब्रायरचा नियम वापर. ब्रायर अमेरिकेच्या हवामानखात्यातला माणूस, त्याने हे १९५० मध्ये मांडलं. घडलं तर १, नाही तर ०; त्यातून तू दिलेली शक्यता वजा कर आणि फरकाचा वर्ग कर, तो तुझा दंड. (आपल्याकडे वेधशाळेने पाऊस सांगितला की लोक छत्री घरी ठेवतात, हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.) तू ७० टक्के म्हणालीस आणि तसं झालं तर दंड ०.०९, नाही झालं तर ०.४९. ९९ म्हणून तोंडावर पडलीस तर ०.९८. हा दंड एकदा स्वतःच्या नावावर चढला की ९९ लिहिताना हात आपोआप आखडतो.

आणि सगळ्यांचे पोल एकसारखे दिसायला लागले की सावध हो. मतदानाजवळ अनेक पोलवाले वेगळा आलेला आकडा दाबतात, नाहीतर घासूनपुसून घोळक्यात बसवतात. आयोवात वर्षानुवर्षं पोल घेणाऱ्या ॲन सेल्झर यांनी २०२४ ला तिथे हॅरिस तीनने पुढे असल्याचं छापलं. ट्रम्प तिथे १३ ने जिंकले. लोक हसले. पण आला तो आकडा छापायच्या त्यांच्या याच सवयीमुळे २०१६ आणि २०२० मध्ये आयोवाचा खरा कल त्यांच्याकडे दिसला होता. तू ओहायोचा आकडा का बदललास?

सट्टाबाजाराचे भाव बघ, जरूर बघ. स्वतःचा आकडा लिहून झाल्यावर. आधी पाहिलेस तर तुझा आकडा म्हणजे त्यांचीच नक्कल.

हाउसच्या ४३५ जागांना आत्ता हात घालू नकोस. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये मतदारसंघांचे नकाशेच बदलले, जुन्या निकालांवरून थेट हिशेब लागणार नाही. एवढं धर की दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यावधीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या हाउसमधल्या जागा फक्त १९९८ आणि २००२ मध्ये वाढल्या.

पिवळा रकाना ठेव किंवा काढ, पण रविवारपर्यंत तारीख घातलेली शीट पाठव.

तुझा,
काका

ता. क. डेमोक्रॅट श्री ठाणेदारांच्या हाउसच्या जागेचं विचारलंस. आपले बेळगावचे म्हणून तुला आपुलकी, ठीक आहे. पण डेट्रॉइटच्या त्या मतदारसंघात नोव्हेंबरला काही ठरत नाही. २०२२ मध्ये प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षांतर्गत निवडणूक, त्यांनी २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर काढली आणि नोव्हेंबरात ७१ टक्के मिळवले. तिथे डेमोक्रॅट पक्षापुढे ९९ लिही, बिनधास्त. माणसापुढचा आकडा ऑगस्टच्या प्रायमरीचा, आणि तो वेगळ्या रकान्यात.