जेवण जात नाही की घास उतरत नाही?

फोंड्याहून एका वाचकांनी विचारले आहे : "आईला दोन महिने भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो. पेज, आटवल (मऊ शिजवलेला भात) जाते. दवाखान्यात मी सांगितले, 'आईला जेवण जात नाही.' भूक वाढायचे औषध मिळाले. दुसऱ्या खेपेला आई स्वतःच कोकणीत म्हणाली, 'घांस हांगा येवन रावता, सकयल देंवना.' डॉक्टर लगेच सावध झाले, चार वेगळे प्रश्न विचारले आणि दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली. माझे मराठी कुठे चुकले? या त्रासाला नेमका शब्द कोणता? आजी 'तोठरा' म्हणायची, तो हाच का? आणि गिळण्याच्या त्रासाला डॉक्टर 'डिस्फेजिया' म्हणतात, त्याला मराठी प्रतिशब्द आहे का?"

आधी एक विनंती. तपासणी झाली नसेल तर हे वाचणे बाजूला ठेवा आणि आधी ती करून घ्या. शब्द कुठे जात नाहीत.

तुमचे मराठी चुकलेले नाही. 'जेवण जात नाही' हे अस्सल मराठी वाक्य आहे, फक्त ते भुकेचे वाक्य आहे. ताप आला की जेवण जात नाही. घरात मयत झाले की चार दिवस जेवण जात नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला भाताचा वाससुद्धा नको होतो, तेव्हाही जेवण जात नाही. घास तोंडापर्यंत न्यायची इच्छाच नसते, इतकेच त्याचे म्हणणे. गोव्यात हा अर्थ आणखी पक्का बसला आहे, कारण कोकणीतले 'म्हाका जेवण वचना' तेच सांगते. आपण मराठी बोललो तरी आपल्या आणि ऐकणाऱ्याच्या कानात ते 'वचना' असतेच. त्यामुळे डॉक्टरांनी भूक मंदावली असे समजणे साहजिक होते. आईंनी मात्र जागा दाखवली ('हांगा', इथे), घासाचे थांबणे सांगितले ('येवन रावता'), आणि खाली न उतरणे सांगितले ('सकयल देंवना'). सहा शब्दांत तीन गोष्टी आल्या.

या त्रासाचे मुख्य क्रियापद गिळणे. ते संस्कृतातल्या 'गॄ' धातूचे. त्याची 'गिरति' आणि 'गिलति' अशी दोन्ही रूपे चालतात, आणि पाणिनीने या र-ल च्या विकल्पासाठी सूत्रच दिले आहे (८.२.२१). मराठीने आणि कोकणीने 'ल'चे रूप घेतले : गिळणे, गिळप. अजगर म्हणजे अज, बोकड, गिळणारा. तिमिंगिल म्हणजे तिमी नावाच्या प्रचंड माशालाही गिळणारा. आणि ज्याला आपण आज तोंडून निघालेला शब्द म्हणतो तो 'उद्गार'ही याच धातूला 'उद्' लागून झालेला. गिळलेले वर येणे असा त्याचा अर्थ, म्हणून आयुर्वेदात ढेकरेला उद्गार म्हणतात. शाळेत केवलप्रयोगी अव्यये शिकवताना मी हे मुलांना आवर्जून सांगत असे. खाली जाणे आणि वर येणे, दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत, आणि तुमच्या प्रश्नात दोन्हींचे काम आहे.

आता व्याकरणाची एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट. 'आई गिळत नाही', 'आईला गिळवत नाही' आणि 'आईचा घास उतरत नाही' ही तीन वाक्ये वेगळी आहेत. पहिल्यात कर्ता आई. गालात घास धरून बसलेल्या हट्टी मुलाबद्दलही आपण हेच म्हणतो, 'अरे, गिळत का नाहीस?' त्यात इच्छेचा संशय येतो. म्हाताऱ्या माणसाबद्दल हे वाक्य सांगितले तर ती हटून बसली आहे असे कुणालाही वाटेल. 'गिळवत नाही' हे शक्य क्रियापद. 'चालवत नाही', 'बसवत नाही' यांच्या रांगेतले. इच्छा आहे, शरीर साथ देत नाही, हे एवढ्याशा 'व'मध्ये येते. मात्र 'पाहवत नाही', 'ऐकवत नाही' यांत मनाची असह्यताही असते, म्हणून 'गिळवत नाही' थोडे दोन्हीकडे झुकते : दुखते म्हणून गिळवत नाही, किळस आली म्हणूनही गिळवत नाही. तिसऱ्या वाक्यात मात्र कर्ता घास आहे. आईने आपले काम केले, गिळले. पुढे घासाचे घोडे अडले. तुमच्या आईंचे कोकणी वाक्य नेमके याच घडणीचे आहे, आणि मला ते सर्वांत अचूक वाटते.

वैद्यकातही ही फाळणी आहे. गिळायची सुरुवातच न जमणे आणि गिळलेले वाटेत थांबणे, हे दोन वेगळे त्रास. माझ्या वडिलांना पक्षाघात झाल्यावर पहिला होता. गंमत अशी वाटे की पातळ पदार्थ सोपा असायला हवा, पण पेजेच्या निवळीने त्यांना ठसका लागे आणि घट्ट आटवल बरी जाई. पातळ द्रव पटकन घसरतो, आणि ढिल्या पडलेल्या स्नायूंना श्वासाची वाट वेळेवर झाकता येत नाही. त्यांना 'गिळवत नव्हते'. तुमच्या आईंचे उलट आहे : पेज जाते, भाकरी थांबते. त्यांचा 'घास उतरत नाही'.

ठसका हा शब्द इथे घसरवतो, म्हणून त्याचे सांगते. ठसका अडकण्याचे नाव नाही, खोकल्याचे आहे. मिरची परतताना स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका लागतो. तिथे कुणी काही गिळत नसते. अन्नाचा कण वा पाणी श्वासाच्या वाटेशी गेले की शरीर ते झटक्याने बाहेर फेकते, तो ठसका. आपण 'वर बघ, वर बघ' म्हणत टाळूवर थापट्या मारतो, कुणीतरी आठवण काढली म्हणतो. ठसका लागतो तोवर हवा आत-बाहेर होते आहे, हे बरे लक्षण. 'अडकणे' हे क्रियापद मात्र अन्नाच्या आणि श्वासाच्या, दोन्ही नळ्यांसाठी वापरले जाते, आणि तिथे गफलत जीवावर बेतू शकते. घास अडकलेला माणूस छातीवर हात ठेवून 'अडकला' असे बोलून दाखवू शकतो. श्वास अडकलेल्याचा आवाजच फुटत नाही, खोकताही येत नाही. १०८ ला फोन करताना 'घशात काहीतरी अडकलंय' एवढ्यावर थांबू नये. 'गुदमरतोय, बोलता येत नाही' हे सांगावे. गुदमरणे श्वासाचेच, घासाचे कधी नाही. हा शब्द मराठीत अगदी स्वच्छ आहे.

आता आजीचा तोठरा. नाही, तो हा नव्हे, पण शब्द सुंदर आहे आणि टिकायला हवा. काही घरांत 'तोटरा' म्हणतात. कोरडे, पिठूळ काही खाल्ले, लाळ पुरेना, आणि तोंडात-घशात त्याचा बोळा बसला, की तोठरा बसतो. आमच्या पेडण्याच्या घरी चवथीच्या मुगाच्या लाडवांबरोबर आजी पाण्याचा तांब्या ठेवायचीच. 'दमानं खा, तोठरा बसेल.' सातूचे पीठ, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, शिळी भाकरी, ही त्याची ठिकाणे. दोष पदार्थाच्या कोरडेपणात असतो आणि घोटभर पाण्याने तोठरा सुटतो. पाणी पिऊनही रोज तीच भाकरी तिथेच थांबत असेल तर त्याला तोठरा म्हणणे म्हणजे दुखणे हलके करणे. घरातली मायेची माणसे नकळत हेच करतात, 'कोरडं खाल्लंस म्हणून' असे सांगून महिने घालवतात.

तोठऱ्याशेजारी तोबरा येतो, त्याची गल्लत करू नका. तोबरा फारसीतून आला, घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. तोबरा भरणारा माणूस असतो, तोठरा आपसूक बसतो.

गोव्यात माशाचा काटा सोडून हा विषय संपत नाही. तारले, पेडवे खाणाऱ्या घरात 'काटो शिरकलो' हे पोरासोरांनाही ठाऊक. 'शिरकप' म्हणजे अडकणे. आपले गोव्याचे मराठी बोलताना 'काटा शिरकला' सहज तोंडात येते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. प्रमाण मराठीत काटा 'रुततो', 'टोचतो', 'अडकतो'. घास अडकतो तेव्हा दाबल्यासारखे होते, काटा आवंढ्यागणिक टोचतो. म्हणून डॉक्टरांना 'टोचतंय' हे क्रियापद सांगितले की बरेचसे कळते. काटा अनेकदा टॉन्सिलपाशी किंवा जिभेच्या मुळाशी असतो. त्यावर सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायचा सल्ला घरोघरी देतात. तो पाळू नये, काटा आणखी खोल जाऊ शकतो.

आवंढा हाही पारखून घ्यायचा शब्द. घासाशिवायचे गिळणे म्हणजे आवंढा. गळ्याची गाठ तपासताना डॉक्टर 'आवंढा गिळा' म्हणतात, कारण थायरॉइडची गाठ गिळताना कंठमण्याबरोबर वर सरकते. दुःखात, भीतीत आपण आवंढा गिळतो, आणि अश्रू रोखताना घशात गोळा येतो. हा गोळा वैद्यकालाही माहीत आहे. त्यांचा 'ग्लोबस' हा लॅटिन शब्द, अर्थ गोळाच. मराठी आणि लॅटिनला तेच चित्र दिसावे याचे मला नेहमी अप्रूप वाटते. पण हा गोळा जेवणांच्या मधल्या वेळी जास्त जाणवतो, आणि जेवताना बहुधा विरतो. अन्न त्याला अडत नाही. म्हणून 'गोळा आल्यासारखं' आणि 'घास अडकल्यासारखं' ही वाक्ये एकमेकांऐवजी वापरू नयेत.

आणि मराठीचे खरे वैभव तर तिच्या चिमुकल्या प्रत्ययांत आहे. घशात अडकते, घशाशी येते, घशाखाली उतरत नाही. 'घशाशी आलं' म्हणजे आम्ल वर आले, जळजळले, तोंड आंबट झाले. 'उलटून आलं' म्हणजे गिळलेले तसेच परत तोंडात आले, मळमळ नसतानाही. ती उलटी नव्हे, हे सांगणे महत्त्वाचे. 'घशाखाली उतरत नाही'चा लाक्षणिक अर्थ शोकाचा आहे, म्हणून शब्दशः म्हणायचे असेल तेव्हा जोडीला जागा सांगावी, बोट ठेवून सांगावी. मात्र बोट आणि अडचण एकाच ठिकाणी असतील असे नाही. अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते, आणि तिच्या खालच्या टोकाशी असलेली अडचणही कधीकधी गळ्याच्या खळगीशी जाणवते. तरी बोट दाखवावेच, त्याचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम.

उरला डिस्फेजिया. ग्रीकमध्ये 'डिस' म्हणजे कष्टाचे, 'फागेइन' म्हणजे खाणे. म्हणजे मूळ शब्द गिळण्याचे नावही घेत नाही. 'जेवण जात नाही'इतकाच तो सैल आहे. डॉक्टरांनी ठरवून त्याला एक अर्थ बांधून दिला, म्हणून तो काटेकोर वाटतो. मूत्रकृच्छ्र म्हणजे लघवीला होणारा त्रास. त्याच्या धर्तीवर 'गिलनकृच्छ्र' घडवता येईल, व्याकरणाला काही म्हणायचे नाही. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेली कोणती बाई तो उच्चारणार? लेखात, अहवालात 'गिळण्याचा त्रास' लिहावे आणि पुढे कोणता ते क्रियापदाने सांगावे. या दुखण्यांना मराठी नामापेक्षा क्रियापदाने जास्त ओळखते : ठसका लागतो, तोठरा बसतो, गोळा येतो, काटा टोचतो, घास अडकतो. क्रियापद बदलले की रोग बदलतो.

आईंबरोबर पुढच्या वेळी जाताना हे असे सांगा : "आईला भूक आहे. गिळायला सुरू करता येतं, ठसका लागत नाही. पण भाकरीचा घास इथे येऊन थांबतो, पाणी प्यायल्यावर सावकाश उतरतो. पेज जाते. दोन महिन्यांपूर्वी भाकरीही जात होती." यातले जे आईंना लागू नसेल ते बदला. वजन उतरले असेल, कपडे सैल झाले असतील, तर तेही न विचारता सांगा. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पेज अशी पायरीपायरीने अडचण वाढत गेली तर वाट अरुंद होत असल्याचा संशय येतो. पहिल्यापासून पाणी आणि भाकरी दोन्ही सारखेच अडत असतील तर नळीच्या हालचालीतला बिघाड शोधतात. म्हणून 'आधी' आणि 'आता' हे दोन साधे शब्द वाक्यात हवेतच.

आणि बोलायचे आईंनीच. कोकणीत बोलू द्या. 'येवन रावता'ला मी मराठीत 'येऊन थांबतो' म्हटले खरे, पण 'रावता'मधले ते ताटकळणे माझ्या 'थांबतो'त आलेले नाही.