आडतीच्या सौद्यांच्या शेकडो सीएसव्ही फायली एक्सेलशिवाय कशा चाळायच्या?

परभणीच्या मोंढ्यात तुमची आडत आहे, रोजच्या सौद्यांची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) साठत गेलीय आणि सगळ्या एकत्र केल्या की एक्सेल अडकतं, म्हणून कमांड लाइनने, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टाइप करून, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, आणि या कामाला ती एक्सेलपेक्षा बरी. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल टाकून घ्या, त्यात लिनक्स मिळतं. मूळ फायलींची कॉपी बाजूला ठेवा आणि ही ओळ बघा. इथे देवनागरीत लिहितोय, पण 'सोयाबीन' सोडून बाकी ओळ इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यात टाइप करायची (ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी, युनिक म्हणजे यू-एन-आय-क्यू):

ग्रेप सोयाबीन *.सीएसव्ही | कट -डी, -एफ२ | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

दुसऱ्या रकान्यात शेतकऱ्याचं नाव असेल, तर कोणाच्या नावावर सोयाबीनच्या किती नोंदी आहेत ते उतरत्या क्रमाने येईल. ग्रेप तो शब्द असलेल्या ओळी शोधतं, कट हवा तो रकाना काढतं, सॉर्ट क्रम लावतं, युनिक सारख्या ओळी मोजतं. मधली उभी रेघ म्हणजे पाइप. एका कमांडमधून निघालेलं ती थेट पुढच्या कमांडला देते. संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना लावून धरली आणि १९७३ साली ती युनिक्समध्ये (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या जुन्या प्रणालीत) आली. आजही तशीच चालते. पूर्ण ओळ एकदम लिहू नका. ग्रेप चालवा, काय आलं ते बघा, मग पुढचं जोडा. युनिकच्या आधी सॉर्ट लागतंच, कारण ते फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं.

खरी काळजी मराठी मजकुराची घ्यावी लागते. 'कऱ्हाळे' हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, पण ग्रेपला ती वेगळी, आणि युनिकही एकाच माणसाचे दोन माणूस करतं. शोधताना 'क.*हाळे' असं अवतरणात द्या, दोन्ही सापडतील.

याहून घातक आकड्यांचं. वजनाची बेरीज ऑकने (ए-डब्ल्यू-के, रकान्यांचा हिशेब करणारी कमांड) एका ओळीत होते, पण कोणी वजन '१२.५' असं देवनागरी अंकांत भरलं असेल तर ऑक ते शून्य धरतं. एरर येत नाही, बेरीज गुपचूप कमी येते. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब आहे, म्हणून हे आवर्जून सांगतोय. आधी सेडची (एस-ई-डी, मजकूर बदलणारी कमांड) 'वाय' कमांड वापरून दहाही देवनागरी अंक इंग्रजी करून घ्या (त्यासाठी टर्मिनलचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ हवं). निकाल नव्या नावाच्या फाइलीत काढा. जिच्यातून वाचताय तिच्यातच '>' ने (निकाल फाइलीत पाठवणारं चिन्ह) लिहिलंत तर वाचायच्या आधीच ती रिकामी होते.

मग एका दिवसाची बेरीज त्या दिवसाच्या हिशोबपट्ट्यांशी ताडून बघा. जुळली की सगळ्या फायलींवर चालवा.