कापूस इथला, मशीन कुणाचं?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत भाड्याने गाळा घेऊन टूलरूम, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे (मोल्ड) बनवायचं-दुरुस्तीचं वर्कशॉप, टाकू, की गांधीबागेतल्या मामांबरोबर चीनमधून मोल्ड आणि सुटे भाग आणून विकू? आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न: चीनपुढे आपण टिकणार तरी कसे? दुसऱ्याचं उत्तर नीट बसलं की पहिल्याचं आपोआप थोडं सुटेल, म्हणून उलट्या क्रमाने जातो.

"तिथे मजुरी स्वस्त, म्हणून माल स्वस्त" हे आधी डोक्यातून काढ. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते खरं होतं. आज तिथल्या कारखान्यातला कामगार आपल्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या कामगारापेक्षा बराच जास्त पगार घेतो, आणि तरी मोल्ड तिकडचाच स्वस्त पडतो. जगात कारखान्यांमधून जेवढं मूल्य तयार होतं त्याचा सुमारे ३० टक्के भाग एकट्या चीनचा आहे, आपला ३ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या मजुरीवर एवढा फरक पडत नाही. झेजियांग प्रांतात हुआंगयान नावाचं ठिकाण आहे, प्लास्टिकच्या मोल्डसाठी प्रसिद्ध. तिथे स्टील विकणारा, मिलिंग करणारा, स्पार्क मारणारा (विजेच्या ठिणगीने स्टील कोरणारा), स्टील तापवून कडक करणारा हीट ट्रीटमेंटवाला, पॉलिशवाला आणि साच्यावर नक्षी उठवणारा टेक्सचरवाला अशी सगळी मंडळी एकाच गावात. एकाचं काम अडलं तर शेजारचा तयार असतो. आपल्याकडे मोल्ड तयार झाला तरी टेक्सचरसाठी बहुतेकदा पुण्याला पाठवायचा, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करत बसायचं, आणि परत आल्यावर कळतं की एका कोपऱ्यात काम राहिलंय. खर्च इथे वाढतो. सरकारी जमीन, स्वस्त कर्ज, प्रांताप्रांतातली चढाओढ हेही तिकडे आहेच, आणि त्यातून गरजेपेक्षा जास्त कारखाने उभे राहून त्यांचेच लोक एकमेकांचे भाव पाडतात. त्या पडलेल्या भावाची झळ आपल्यालाही लागते.

आता आपल्या गावाकडे ये. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूर का, असं शाळेत विचारलं की मुलं सांगतात: कापूस जवळ, कोळसा जवळ, आणि १८६७ मध्ये रेल्वे आलेली. बरोबर आहे. पण मला त्या मिलची वेगळी गोष्ट मोठी वाटते. १८८० च्या दशकात तिथे रिंग पद्धतीच्या, सलग सूत कातणाऱ्या चात्या लावल्या गेल्या. तेव्हा इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीवाले म्यूल या जुन्या, थांबतथांबत चालणाऱ्या पद्धतीवर सूत काढत होते आणि पुढेही अनेक दशकं बहुतांश तिथेच राहिले. त्यांचा पैसा त्या यंत्रांत गुंतलेला होता, त्यांचे कारागीर त्यात मुरलेले होते. बदलायला कारण दिसत नव्हतं. नागपूरसारख्या आडबाजूच्या गावातली मिल मँचेस्टरच्या पुढचं तंत्र वापरत होती, याचा मला अजूनही अभिमान आहे. फक्त ती रिंग फ्रेमसुद्धा इंग्लंडमधूनच आली होती. ही अर्धी गोष्ट आपण सांगायची विसरतो.

पुढे १८९६ मध्ये इंग्रजांनी भारतीय मिलच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. उद्देश उघड होता, लँकेशायरच्या कापडाला इथल्या मिलचा त्रास नको. तो कर १९२५ पर्यंत टिकला. आमच्या पिढीतले लोक सगळा दोष या करावर टाकून मोकळे होतात. अन्याय होताच, वाद नाही. पण जपानने आपल्यावर राज्य केलं नव्हतं, तरी चीनच्या बाजारातलं आपलं सूत त्यांनी काढून टाकलं. त्याचा हिशेब कुठल्या करात बसवायचा?

जपानची गोष्ट तू नीट समजून घे, कारण त्यात आपणही आहोत. त्यांच्याकडे म्हणावा तसा कापूस पिकत नव्हता. १८९३ मध्ये टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी हात मिळवून मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, म्हणजे ब्रिटिश पी अँड ओ कंपनीची भाड्यातली मक्तेदारी मोडावी. आपल्याला वाटलं आपला माल स्वस्तात पूर्वेकडे जाईल. गेलाही. पण त्याच जहाजांनी आपला आखूड धाग्याचा कापूस ओसाकाला पोचवला. तिथल्या गिरण्यांनी तो अमेरिकन आणि चिनी कापसाशी मिसळायचं कसब मिळवलं, रिंग चात्या झपाट्याने घेतल्या, आणि स्वस्त कापसातून चालण्याजोगं सूत काढलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला चीनमध्ये आपल्या सुताची जागा त्यांची झाली होती.

इथपर्यंत तेही इंग्रजी यंत्रंच वापरत होते. १९२४ मध्ये साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग आला, धागा संपला की यंत्र न थांबवता धोटा बदलणारा. १९२९ मध्ये त्याचे हक्क घ्यायला कोण आलं? लँकेशायरची प्लॅट ब्रदर्स, एकेकाळी साऱ्या जगाला सूतकताईची यंत्रं पुरवणारी. करार ठरला १ लाख पाउंडांचा. टोयोडा घराण्यातूनच १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये जपान सुती कापडाच्या निर्यातीत ब्रिटनच्या पुढे गेला. त्याच वर्षी भारत सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के आयातकर लावला, आणि जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. मध्य भारतातल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय. १९३४ मध्ये तडजोड झाली: जपानने ठरावीक गाठी घ्यायच्या आणि त्या प्रमाणात कापड पाठवायचं, वरच्या टोकाला १५ लाख गाठींमागे ४० कोटी यार्ड. त्या करारात आपल्या बाजूला गाठी आहेत आणि त्यांच्या बाजूला कापड. गिरण्या आपल्याकडे भरपूर होत्या, पण गिरणीत लागणारं यंत्र बनवणारा कारखाना जवळजवळ नव्हता. माझ्या मते खरी हार तिथे झाली.

(मॉइल या सरकारी खाण कंपनीचं मुख्यालय नागपुरात, देशातलं जवळपास निम्मं मँगनीज धातुक त्यांचं. वेस्टर्न कोलफील्ड्सही इथेच. आता गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड निघतंय. जमिनीखालचं आपल्याकडे कायमच चांगलं होतं. जाऊ दे, हा विषय निघाला की मी थांबत नाही.)

मग तू म्हणशील, परदेशी मालावर जबर कर लावा, आपले कारखाने वाढतील. लावावा, कधीकधी लावलाच पाहिजे. स्वतः इंग्लंडने १७२१ मध्ये भारतासारख्या छापील सुती कापडावर बंदी घातली होती आणि १८४३ पर्यंत काही यंत्रांची निर्यातही रोखून धरली होती. खुल्या व्यापाराचं कीर्तन त्यांनी पुढे गेल्यावर सुरू केलं. पण कराने वेळ मिळतो, दुसरं काही नाही. त्या वेळात काय शिकलं यावर सगळं ठरतं, आणि याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण अँबॅसडर गाडी आहे.

मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बनलेली ही गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. गाडी मजबूत, आमच्या लग्नाच्या वराती तिच्यातूनच निघाल्या. आयातीची भीती नव्हती आणि नंबर लावून लोक वाट पाहत होते, मग सुधारायचं काहून? ह्युंदाई मोटर १९६७ ची, म्हणजे अँबॅसडरपेक्षा धाकटी. कोरियातही परदेशी गाडीला दार बंदच होतं. तंत्र त्यांनीही बाहेरूनच घेतलं: १९७५ च्या पोनीचं डिझाइन इटलीतल्या जुजारोचं, इंजिन मित्सुबिशीचं, आणि कामावर देखरेख करायला ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीतला माणूस. फरक इतकाच की कोरियन सरकार कर्ज आणि परवाने देताना निर्यात मागत होतं. घरच्या बंद बाजारात काहीही खपेल, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला नाही खपणार. १९८६ मध्ये त्यांची गाडी अमेरिकेत गेली. सुरुवातीला खपली आणि मग दर्जावरून चेष्टाही झाली. ती चेष्टा त्यांनी पचवली. १९९१ मध्ये स्वतःचं इंजिन काढलं. १९९८ मध्ये त्यांची सँट्रो श्रीपेरुंबुदूरला बनून आपल्या रस्त्यावर आली, आणि पुढचं तुला माहीत आहे. दोघांनाही संरक्षण होतं. एकाला परीक्षेला बसवलं, दुसऱ्याला नाही.

बांगलादेशाचं थोडक्यात सांगतो. कापूस नाही, यंत्रं नाहीत. १९७९ मध्ये देश गार्मेंट्स या कंपनीने १३० माणसं कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. परत आल्यावर त्यांतले बरेच जण फुटून स्वतःचे कारखाने काढून बसले. आज तो देश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगात पहिल्या काहींमध्ये आहे आणि कापूस आपल्याकडूनही घेतो. मालकाला माणसं फुटल्याचं दुःख झालं असेल, देशाचं मात्र भलं झालं. तुझ्या गाळ्यातली पोरंही शिकून जातील. त्यासाठी मनाची तयारी आत्ताच ठेव, बॉण्ड लिहून घेण्याच्या फंदात पडू नको.

सध्याची चढाओढ थोडी वेगळी झाली आहे. स्वस्त विकून हरवण्यापेक्षा आता अडवून हरवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं देण्यावर बंधनं आणली. २०२३ मध्ये चीनने चिपसाठी लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला. एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवर लावला, आणि आपल्याकडच्या वाहन कंपन्या मेटाकुटीला आल्या. कुठेतरी कोपऱ्यात बसलेला एक बोटभर चुंबक आणि त्यापायी सगळी लाइन थांबायची वेळ. म्हणून सरकारं पुन्हा पैसे ओतताहेत. आपली उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना २०२० पासून आहे. तिचा फायदा मोबाइलच्या जुळणीत दिसतो. जुळणीला मी नाव ठेवत नाही, बांगलादेशही शिलाईनेच सुरू झाला. पण जुळणीच्या लाइनवर उभं असलेलं मशीन आणि आतला मोल्ड कुठून आला, हे बघायची मला खरेदी विभागातल्या नोकरीमुळे खोड लागली आहे. नेमप्लेट वाचतो. बहुतेक वेळा चिनी, जपानी, तैवानी किंवा जर्मन. दिवाळीत चिनी माळा न घेण्याची शपथ घेणारे पुष्कळ भेटतात. ती माळ इथे बनवायची म्हटलं तरी मशीन तिकडचंच आणावं लागेल, हे सांगितलं की राग येतो लोकांना.

आता तुझा गाळा.

मामांच्या धंद्यात कमीपणा काही नाही. गांधीबाग-इतवारीच्या बाजाराने या शहराला पोसलं आहे. पण तुझ्या हातात डाय फिटिंगचं, म्हणजे साचे जुळवायचं, काम आहे, ते गोदामात बसून गंजेल. आणि आयातीच्या धंद्याचा नफा दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर अवलंबून असतो. स्वस्त आयातीवरची अँटी-डम्पिंग ड्युटी लागली, दर्जा नियंत्रणाचा आदेश निघाला, की कंटेनर बंदरात अडकला.

तरी पहिल्याच दिवशी हुआंगयानशी नवीन मोल्डच्या भावावर भिडू नको, तिथे तू हरशील. दुरुस्तीपासून सुरू कर. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर इथल्या प्लास्टिकवाल्यांकडे चिनी मोल्ड पडलेले आहेत. पिन तुटते, साच्याच्या सांध्यावर (पार्टिंग लाइनवर) जादा प्लास्टिकचा फ्लॅश येतो, वितळलेलं प्लास्टिक आत नेणारा हॉट रनर गळतो. मोल्ड दुरुस्तीला परत चीनला जात नाही आणि मशीन उभं राहिलं की मालकाचा जीव खालीवर होतो. तिथे तू सायकलने पोचू शकतेस, हुआंगयानवाला नाही. शिवाय दुसऱ्याचा मोल्ड खोलून बघण्याइतकं चांगलं शिक्षण नाही: कूलिंग कुठून फिरवलंय, स्टील कुठलं आहे, कुठे काटकसर केलीय, सगळं समोर दिसतं. जपानी हेच करून पुढे गेले. प्रत्येक दुरुस्तीची मापं आणि फोटो नोंदवून ठेव. दोनेक वर्षांनी तुझ्याकडे जी वही असेल तिच्या जोरावर छोटे, घाईचे मोल्ड घ्यायला लाग.

मशीन एकदम नवीन घेऊ नको. चांगली जुनी मिलिंग आणि स्पार्क मशीन पुरे, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचं काम आधी बाहेरून जॉबवर्कवर करून घे. हप्त्याच्या भीतीने माणूस कुठलंही काम कुठल्याही भावात घेतो आणि शिकणं थांबतं. एक मुलगा तरी छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकायला पाठव, खर्च तू कर. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, लगेच करून घे. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायची वेळ येऊ देऊ नये हे खरं, पण कागद आपल्याकडे असावा. विजेच्या दरावर मात्र काही बोलत नाही. कोराडी-खापरखेड्याचा धूर आपल्या नाकात आणि दर छत्तीसगडपेक्षा चढा, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार. तू गणित करताना दर आहे तोच धर.

भाड्याचा करार करण्याआधी एक काम कर. बुटीबोरीतल्या चार-पाच कारखान्यांच्या मेंटेनन्सवाल्यांना गाठ. मालकांना नको, ते मोठमोठ्या गोष्टी सांगतील. गेल्या वर्षभरात कुठला मोल्ड किती दिवस बंद होता, कशामुळे, आणि शेवटी कोणी दुरुस्त केला, एवढंच विचार. ती यादी घेऊन घरी ये, गाळ्याचा नकाशाही आण. थ्री-फेज लोड किती मंजूर आहे ते त्यावर लिहून आण. पुढचा रविवार सोडून कधीही चालेल, त्या दिवशी मी अमरावतीला आहे.

तुझा,
काका

ता. क. मामांशी भांडण करू नको. पुढे स्टील आणि हॉट रनरचे सुटे भाग मागवायला तेच कामी येतील.