निपाणीहून दोन्हीकडे रस्ता जातो

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, एकच सांगा, इंजिनिअरिंगला बेळगाव की कोल्हापूर?" फोन ठेवल्यावरही मन त्यातच राहिलं, म्हणून लिहितोय. निपाणीतल्या तुझ्या घरापासून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. हायवे एकच, पण सीमेवरची कोगनोळी ओलांडली की प्रवेशाची सगळी रीतच बदलते.

बेळगावच्या जीआयटी या कॉलेजसाठी कर्नाटकची सीईटी. पीयूसीचे, म्हणजे बारावीचे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे गुण निम्मे, सीईटीचे निम्मे, त्यावर रँक. कोल्हापूरच्या केआयटी या कॉलेजसाठी महाराष्ट्राची सीईटी आणि कॅप राउंड, म्हणजे एकत्रित प्रवेशफेऱ्या. तिथे सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी एक वाट आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती माहीतच नसते. वादग्रस्त ८६५ गावांतली, मातृभाषा मराठी असलेली मुलं 'टाइप ई' या उमेदवारी प्रकारातून अर्ज करू शकतात. त्यासाठी सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात. निकालाची वाट न बघता त्यांच्या मागे लाग.

आता तुलना. दोन्ही कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका कॉलेजच्या. तेव्हा दोन्हीकडच्या तुझ्या ब्रँचचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढ आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर फारच उत्तम. पेपरात नुसत्या व्याख्या आणि टिपा आहेत, की एखादं सर्किट देऊन सोडवायला लावलंय? कॉलेज मुलांकडून काय अपेक्षा ठेवतं ते तिथे दिसतं.

मी स्वतः यातलं काहीच पाहिलं नव्हतं. दोन मित्र एका कॉलेजात निघाले, त्यांच्या मागोमाग मीही गेलो. तिथल्या वर्कशॉपमधली एक मशीन चार वर्षांत एकदाही सुरू झालेली पाहिली नाही. तिची आकृती काढून पास झालो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तीच मशीन समोर आली, आणि मला ती सुरू कुठून करायची हेही ठाऊक नव्हतं. ती लाज मी विसरलेलो नाही. म्हणून दोन्हीकडे साध्या कामाच्या दिवशी, दुपारी जा. प्रॅक्टिकलला एका सेटवर किती मुलं उभी असतात ते मोज. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, गेल्या सेमिस्टरमध्ये शिकवणारे किती वेळा बदलले?

प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठं पॅकेज असतं. तू तुझ्या ब्रँचची किती मुलं बसली, किती लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले ते विचार.

कन्नडची भीती घालणारे भेटतील. वर्गात शिकवणं इंग्रजीतच असतं, आणि व्हीटीयूत, म्हणजे जीआयटीच्या विद्यापीठात, कन्नड न येणाऱ्यांसाठी 'बळके कन्नड' हा वेगळा छोटा विषय आहे. निपाणीच्या बाजारात वाढलेल्या मुलीला तो जड जाणार नाही. मराठीवर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे, तरी केवळ त्या कारणाने कोल्हापूर निवडू नकोस.

अंतराचा मात्र नीट विचार कर. केआयटी गोकुळ शिरगावला, म्हणजे कोल्हापूरच्या अलीकडेच, त्यामुळे घरून ये-जा जमेल. पण संध्याकाळी लॅबमध्ये थांबावंसं वाटलं तर परतीची बस कधी आहे? बेळगावला कर्नाटकच्या शक्ती योजनेत (मुली-बायकांना मोफत प्रवास) साध्या बसचं तिकीट पडणार नाही, पण तेवढं अंतर रोज होणार नाही, हॉस्टेलचा खर्च धरायलाच हवा.

कर्नाटकची ऑप्शन एन्ट्री, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना क्रम मनापासून हवा तसाच लाव. 'हे मिळणारच नाही' म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नकोस. रँकमध्ये बसत नसेल तर आपोआप पुढचा पर्याय बघितला जातो, वर लिहिल्याने नुकसान काही नाही.

दोन्ही अभ्यासक्रम घेऊन रविवारी ये. बाबांनाही आण, फी आणि हॉस्टेलचा हिशोब त्यांच्यासमोरच मांडू.

तुझा,
काका