पोट सुटलंय, पण वजन ठीक

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) मर्यादेत आहे, पण पोट सुटलेलं दिसतं. घरी मोजून काही कळेल का?

उत्तर : कळेल, जरूर मोजा. चरबी नेमकी कुठे साठली आहे, हे बीएमआय सांगत नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी मात्र रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढण्याशी जास्त जोडलेली असते. म्हणून कमरेच्या घेराला उंचीने भागा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उत्तर ०.५ किंवा जास्त आलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. (५ वर्षांखालच्या मुलांना हा आकडा लावू नका.)

खरी गफलत मोजण्यात होते. बेंबीवरून मोजू नका; पोट ओघळलं की बेंबीही सरकते. कुशीत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपून दोन्ही बाजूंना खूण करा. त्यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, न ताणणारी टेप जमिनीला समांतर धरा. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. मुलं हमखास पोट आत ओढतात, तेव्हा तिला बोलतं ठेवा. दोनदा मोजा, १ सेंमीहून जास्त फरक आला तर पुन्हा. उंची १३० असताना घेर ६३.५ ऐवजी ६६.५ वाचला, तर ०.४९ चं ०.५१ होतं!

हे निदान नव्हे. रक्तदाब आणि रक्ततपासणीचं डॉक्टर ठरवतील. तिच्यासमोर ‘जाडी’ हा शब्द कृपया काढू नका.